नागवल्लीसाठी रडणाऱ्यांच्या बाजूने

२७ ऑगस्ट २००४ रोजी 'आप्तमित्र' हा कन्नड चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याची नायिका सौंदर्या हयात नव्हती. त्याआधी चार महिने, १७ एप्रिलला, बंगळुरूच्या जक्कूर विमानतळावरून उडालेले तिचे लहानसे विमान काही क्षणांतच जवळच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात कोसळले होते. विमानात चौघे होते, त्यांत तिचा भाऊही. चौघेही गेले. निवडणुकीच्या प्रचारासाठी ती करीमनगरला निघाली होती.

पडद्यावर ती गंगा होती आणि गंगेच्या अंगात आलेली नागवल्लीही होती. राजवाड्यात आणून ठेवलेली नर्तकी, राजाऐवजी दुसऱ्यावर जीव जडला म्हणून प्रियकराचे डोके उडवलेले पाहणारी आणि मग जिवंत जाळली गेलेली बाई. बंगळुरूचा प्रेक्षक एकाच चेहऱ्याकडे बघत दोन मरणांचे दुःख करत होता. चित्रपट प्रचंड चालला. लोक पुन्हा पुन्हा जात होते आणि डोळे पुसत बाहेर येत होते.

या रडण्याची वीस वर्षे दोन तऱ्हांनी विटंबना चालली आहे. एक पक्ष त्याला खुळेपणा म्हणतो. दुसरा पक्ष त्या दुःखाला 'नागवल्लीचा शाप' असे नाव देऊन मोकळा होतो. पहिल्या पक्षाने निदान माणसाला शहाणे करण्याचा आव तरी आणलेला आहे. दुसऱ्याने मेलेल्या बाईवरच खुनाचा आळ घेतला आहे. दोघांचेही म्हणणे मला अमान्य आहे, आणि ते का, हे मांडणे गरजेचे वाटते.

मराठी वाचकाला ही कथा 'भूलभुलैया'मुळे ठाऊक असते. तिथे नर्तकी बंगाली आहे आणि तिचे नाव मंजुलिका. तमिळ 'चंद्रमुखी'त ती चंद्रमुखी होते. या साऱ्यांचे मूळ १९९३ सालचा मल्याळी 'मणिचित्रताळ'. मधु मुट्टम यांचे लेखन, फाझिल यांचे दिग्दर्शन, आणि त्यातल्या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार. भाषा बदलल्या, वाडे बदलले, नर्तकीची नावे बदलली. मारली गेलेली बाई मात्र प्रत्येक ठिकाणी मारलीच गेली, आणि प्रत्येक ठिकाणचा प्रेक्षक तिच्यासाठी हळहळला.

आता पहिला आक्षेप. जी कधी जन्मलीच नाही तिच्या मरणाचा शोक कसला? असे विचारणारा माणूस 'नटसम्राट' पाहताना मात्र आप्पासाहेब बेलवलकरांसाठी रुमाल काढतो. आप्पासाहेब तरी कुठे जन्मले होते? म्हणजे याचे भांडण काल्पनिक माणसासाठी रडण्याशी नाहीच. ते भुताच्या गोष्टीत रडण्याशी आहे. नाटकातले दुःख प्रतिष्ठित आणि भुताच्या गोष्टीतले हलके, अशी ही पंक्तिप्रपंचाची जुनी खोड आहे. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेतल्या शेवंतेसाठी हळहळणाऱ्यांनाही हेच ऐकवले जाते.

आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले ते याचसाठी: रंगमंचावरचे दुःख कुण्या एका पात्राचे राहत नाही, आपलेही होत नाही, आणि तरी ते पुरेपूर अनुभवाला येते. रामायणाच्या जन्माची कथा आपण सांगतो तीही एका मारल्या गेलेल्या पक्ष्यासाठी झालेल्या शोकाचीच. क्रौंचाशी वाल्मीकींचे काय नाते होते?

याच आक्षेपाची एक पुरवणी असते. भुताच्या गोष्टीतले मरण हे केवळ दचकवण्याचे साधन आहे, त्यात गुंतणे म्हणजे गोष्टच न कळणे, असे सांगितले जाते. मला वाटते, नेमके उलटे आहे. 'आप्तमित्र'मधला सर्वांत भीतिदायक प्रसंग आठवा. गंगेला बाहेर जायचे आहे आणि नवरा तिला थांबवतो. साधे घरगुती बोलणे चालले आहे. अंधार नाही, किंकाळी नाही. आणि 'जाऊ नकोस' हे ऐकताच तिचे डोळे आधी बदलतात, मान किंचित कलते, मग आवाज बदलतो. त्या आवाजात कन्नड राहत नाही, तेलुगू येते, आणि ही सोशिक बायको क्षणभर कुणाचीच बायको उरत नाही. पुढच्या क्षणी ती पुन्हा गंगा होते आणि काय झाले हे तिला आठवतही नाही. तिथे अंगावर काटा येतो तो आवाज बदलला म्हणून येत नाही. एका बाईला पूर्वी असेच कुणीतरी अडवले होते, कोंडले होते आणि शेवटी जाळले होते, हे आपल्याला ठाऊक असते म्हणून येतो. ते दुःख काढून घ्या, मग उरतील वटारलेले डोळे आणि विस्कटलेले केस. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. भयाच्या आधी करुणा जागी झाली नाही, तर भूत नुसतेच बुजगावणे राहते.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे आणि तो मी हलक्यात घेणार नाही. आक्षेप घेणारे म्हणतात, हा चित्रपटच तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. गंगेला भूतबाधा झालेली नाही, तिला मानसिक आजार आहे, असे त्यातला डॉक्टर सांगतो. तिने नागवल्लीची कथा ऐकली, ती तिच्या दुःखात बुडाली आणि स्वतःला हरवून बसली. नागवल्लीसाठी सर्वांत जास्त रडणारी बाई वेडी झाली, आता प्रेक्षकांनो तुम्हीच काय ते समजा.

यातले पहिले विधान खरे आहे. गंगा ही नागवल्लीची पहिली प्रेक्षक आहे, आणि कथेतली हीच सर्वांत सुंदर गोष्ट आहे. पण निष्कर्ष चुकला. गंगेला बाधले ते एकटेपण. बंद खोलीत, कुलपामागे, कुणाला न सांगता तिने ते दुःख उराशी धरले. वाड्यात तिला कुणी विचारले नाही, नवऱ्याला वेळ नव्हता. चित्रपटगृहातला प्रेक्षक शेजारच्या अनोळखी माणसासोबत रडतो, घरी येऊन त्याबद्दल बोलतो, दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. हा फरक लहान नाही.

आणि उपाय काय झाला, तेही पाहावे. विष्णुवर्धन यांनी साकारलेला डॉक्टर गंगेला 'हे सगळे खोटे आहे, भानावर ये' असे सांगत बसत नाही. तो मांत्रिक आचार्यांना बरोबर घेतो, राजाचा वेश करतो, आणि अखेरच्या क्षणी राजाच्या जागी पुतळा ठेवून नागवल्लीला तिचा सूड घेऊ देतो. तिच्यावर अन्याय झाला होता हे सर्वांच्या देखत मान्य केले जाते, तेव्हाच गंगा मोकळी होते. शास्त्राच्या बाजूने बोलणाऱ्या या चित्रपटातला शास्त्रज्ञसुद्धा दुःखाला न्याय मिळाल्याशिवाय ते हटणार नाही, हे ओळखून आहे. जे शास्त्राचे नाव घेऊन रडणाऱ्यांना हसतात, त्यांनी निदान या डॉक्टरइतका तरी विवेक दाखवावा.

आता शापाकडे वळू. बंगळुरूत तुम्ही काही वर्षे काढली असतील तर ही कहाणी कुणी ना कुणी तुम्हाला ऐकवली असेलच. सौंदर्या नागवल्ली झाली आणि गेली. पुढे त्याच कथेचा दुसरा भाग 'आप्तरक्षक' निघाला, आणि तो १९ फेब्रुवारी २०१० रोजी प्रदर्शित होण्याआधीच, ३० डिसेंबर २००९ ला, विष्णुवर्धन मैसुरूत हृदयविकाराने गेले. दोन चित्रपट, दोन मृत्यू. झाला शाप सिद्ध!

कसला सिद्ध झाला? मूळ नर्तकी साकारणाऱ्या शोभना यांना काय झाले? 'चंद्रमुखी'तल्या ज्योतिका आणि 'भूलभुलैया'तल्या विद्या बालन आजही काम करत आहेत. रजनीकांत यांची कारकीर्द 'चंद्रमुखी'नंतर थांबली नाही. 'आप्तमित्र'चे निर्माते द्वारकीश त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे जगले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ८१ व्या वर्षी वारले. 'आप्तमित्र', 'चंद्रमुखी', 'आप्तरक्षक' या तिन्हींचे दिग्दर्शक पी. वासू यांनी तर २०२३ मध्ये 'चंद्रमुखी २' केला. शापाला माणसे निवडून मारायची असती, तर या कथेवर ज्याने सर्वांत जास्त काम केले तो माणूस पहिला नको होता का? सौंदर्या अपघातात गेली. विष्णुवर्धन ५९ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. अशी मरणे या देशात रोज होतात, आणि त्यांना कुण्या नर्तकीची गरज लागत नाही.

पण माझा खरा राग या अंधश्रद्धेच्या खोटेपणावर तितकासा नाही. तिच्यातल्या अन्यायावर आहे. गोष्टीत नागवल्लीला मारले गेले. शापाच्या कहाणीत तीच मारेकरी झाली. राजाचे नाव कुणी घेत नाही. ज्याने डोके उडवले आणि चिता पेटवली तो सहीसलामत सुटला, आणि जळालेल्या बाईच्या माथी आणखी दोन खून लावले गेले. जित्याजागत्या बाईच्या बाबतीतही आपण हेच करत आलो आहोत. घरात मूल दगावले, नवरा गेला, की 'हिचा पायगुण' म्हणून बोट तिच्याकडे वळते. सौंदर्याच्या मृत्यूवर शापाचे लेबल लावणारे हीच जुनी सवय नव्या कपड्यात मिरवत आहेत.

आणि सौंदर्याचे काय? मुळबागलच्या या मुलीने तेलुगू आणि कन्नड पडद्यावर राज्य केले, आणि मिळवलेला पैसा गिरीश कासारवल्ली यांच्या 'द्वीप' या चित्रपटात घातला. धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्या बेटावरची, पाण्याशी आणि माणसांशी झगडणारी नागी तिने त्यात स्वतः उभी केली. २००१ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'द्वीप'ला मिळाला, तो तिलाही, निर्माती म्हणून. एवढे कर्तृत्व एका शापाच्या किश्शाखाली गाडले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

महाराष्ट्राने कानडी मुलखाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे शनिवारवाडा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी तोडले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याच्या काकाला, राघोबाला, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, पण ते त्याने कधीच घेतले नाही. न्याय झाला नाही, म्हणूनच पुण्याच्या लोकांना त्या वाड्यातून पोराची आर्त हाक ऐकू येत राहिली असावी, असे मला मनापासून वाटते. ती दंतकथा म्हणजे गावाने जिवंत ठेवलेला शोक होता. आज तिथले भूत 'थरारक ठिकाणां'च्या यादीत जमा झाले आहे. हाकेची मजा घेणाऱ्यांपैकी किती जणांना राघोबाच्या त्या न भोगलेल्या शिक्षेची आठवण होते?

बंगळुरूकडे याहून वेगळी एक वाट आहे. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या किल्ल्याचा दरवाजा उभा राहीना, तेव्हा बळी हवा असे सांगितले गेले आणि त्यांची सून लक्ष्मम्मा हिने रात्री स्वतःचा जीव दिला, अशी आख्यायिका आहे. कोरमंगलात तिचे मंदिर आहे. या शहराने तिला भूत केले नाही, रडून हात जोडले. मला तो गौरवही पुरता पटत नाही, कारण बळी मागणारी समजूत त्यात नामानिराळी राहते. तरी तिच्यावर कुणी आळ घेतला नाही, हे मोठे.

आणि शोक करून काय साधते, असे विचारणाऱ्यांनी पवन कुमार यांचा २०१६ चा 'यू टर्न' पाहावा. ही पूर्णपणे बंगळुरूची भुताची गोष्ट. डबल रोडच्या उड्डाणपुलावर दुभाजकाचे सिमेंटचे ठोकळे सरकवून दुचाकीवाले मधूनच वळतात आणि ठोकळा रस्त्यातच टाकून जातात. अशाच एका ठोकळ्यामुळे आई आणि लहान मुलगी मरतात. मेलेली आई मग एकेकाला गाठू लागते. त्या मायलेकींसाठी ज्याच्या पोटात तुटले, त्याला दुसऱ्या दिवशी पुलावर सरकवलेला ठोकळा दिसतो, आधी दिसत नव्हता. मरण कुणी घडवले, याचा शोध घ्यायला लावणारे दुःख हे वाया गेलेले दुःख कसे म्हणता येईल? आणि तो शोध आपल्या स्वतःच्या हातांपर्यंत येतो, म्हणूनच तर अनेकांना शापाची गोष्ट सोयीची वाटते. शापाला पोलीस लागत नाहीत, नगरपालिका लागत नाही, कुणाला कबुली द्यावी लागत नाही.

म्हणून नागवल्लीसाठी, शेवंतेसाठी, त्या पुलावरच्या आईसाठी ज्यांचे डोळे भरून आले, त्यांनी ओशाळण्याचे काहीच कारण नाही. ते गोष्टीला बळी पडलेले भाबडे लोक नव्हेत. गोष्टीत ज्याला कुणी न्याय दिला नाही, त्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिलेले ते लोक आहेत.

चित्रपट काढणाऱ्यांना एक विनंती. नागवल्ली आणखी कितीही वेळा पडद्यावर आणा, पण तिच्या नावाने शापाची जाहिरात करून तिकिटे विकू नका. आणि वाचकहो, तुमच्यासमोर कुणी पुन्हा तो शापाचा किस्सा काढलाच, तर त्याला तिथेच अडवून विचारा, नागवल्लीला मारले कुणी? मग सौंदर्याचा विषय निघेलच. तेव्हा त्याला 'द्वीप' पाहायला सांगा, आणि तुम्ही अजून पाहिला नसेल तर तुम्हीही पाहा.