कुंडीखालची बशी

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा गॅलरीतली तुळसही माना टाकते. त्यामुळे वऱ्हाडातल्या अनेक घरांनी मधला मार्ग काढला आहे. खिडकीपाशी बाटलीतला खरा मनीप्लांट आणि टीव्हीच्या वर प्लॅस्टिकच्या वेली. हौस म्हणून यात गैर काहीच नाही. मात्र खरे झाड म्हणजे आरोग्य आणि नकली झाड म्हणजे नुसती शोभा, हा समज तपासून घ्यायला हवा.

‘हवा शुद्ध करणारे झाड’ म्हणून स्नेक प्लांट, अरेका पाम यांची विक्री जोरात होते. या दाव्याचे मूळ ‘नासा’च्या १९८९ च्या अभ्यासात आहे. तो अभ्यास छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. आपल्या घरात दारे-खिडक्यांतून हवा सतत खेळते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. तेव्हा, वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी झाडांनी करायची, तर दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील, असे दिसले. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीत नव्वदच्या वर कुंड्या! त्यापेक्षा सकाळी खिडकी उघडलेली बरी. झाडाने मन प्रसन्न होते, हे कारण झाड लावायला पुरेसे आहे.

खरा धोका आहे तो कुंडीखालच्या बशीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आपल्याकडे अनेक भागांत नळ रोज येत नाहीत, म्हणून ड्रम भरलेले असतात. उन्हाळाभर कूलरची टाकी भरलेली असते. त्यात मनीप्लांटची बाटली आणि कुंडीखालच्या बशीची भर पडते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. म्हणून बाटली, बशी आणि कूलरची टाकी आतून घासलीच पाहिजे.

नकली झाडेही यातून सुटत नाहीत. गॅलरीत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या फुलांच्या कुंडीत पावसाचे पाणी साचते, आणि ‘याला पाणी घालायचे नाही’ म्हणून तिच्याकडे कोणी बघतही नाही. घरातल्या कापडी पानांवर धूळ बसते. कोरड्या फडक्याने झटकली तर ती दमेकऱ्याच्या श्वासात जाते. अशी पाने महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवावीत. महालक्ष्म्यांच्या सजावटीत समईजवळ प्लॅस्टिकच्या माळा लावू नयेत. त्या चटकन पेट घेतात आणि त्यांचा धूर विषारी असतो.

रांगते मूल असलेल्या घरात खरी झाडेही निवडून ठेवावीत. डिफेनबेकियाचे पान चावले तर त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी जीभ आणि घसा सुजतो. अशा वेळी तोंड पाण्याने पुसून काढावे, उलटी करवू नये आणि मुलाला दवाखान्यात न्यावे. मनीप्लांटही मुलाच्या हाताला लागू नये.

पावसाळ्यात ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंग ठणकणे अशी लक्षणे दिसली तर मनानेच ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्त तपासून घ्यावे. ताप उतरताना पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा रक्तस्राव दिसला, तर थेट रुग्णालय गाठावे.

कूलर माळ्यावर चढवण्याचे दिवस आले, की त्याच दिवशी घरातल्या सगळ्या कुंड्या उचलून त्यांच्या बशा घासून घ्याव्यात आणि पुढे दर आठवड्याला तेच करावे. त्याला दहा मिनिटे लागतात.