श्रीलंकेत उतरायचे कुठे?

कळंबच्या एका भगिनीने पत्रासोबत सहलवाल्याचा छापील कागद पाठवला आहे. मे महिन्याच्या सुटीत श्रीलंकेची सहा रात्रींची सहल. तीन रात्री बेंटोटाला समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात, दोन कँडीला, एक कोलंबोला. अनुराधपूर मात्र ‘कँडीहून जाऊन-येऊन’. ताई लिहितात, "पैसा ह्यांच्या एस.टी.च्या निवृत्तीचा आहे, पुन्हा जाणे होणार नाही. सासूबाई सत्तरीच्या, त्यांना बोधिवृक्ष पाहायचाय. नातवंडांना समुद्र. पैसे भरू का?"

ताई, अजून भरू नका.

आधी समुद्राचे बघू. बेंटोटा हे बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर. आपल्याकडे मृग लागण्याची वाट पाहतात, त्याआधीच तिकडे पाऊस पोचतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत त्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, लाल झेंडे लावून पाण्यात उतरायला मनाई करतात. म्हणजे सर्वात महागड्या तीन रात्री पोरे खिडकीतून लाटा बघणार! त्याच दिवसांत पूर्वेकडचा समुद्र शांत असतो. त्रिंकोमालीजवळ निलावेलीचा किनारा आहे, तिथे साधी गेस्ट हाऊसेही मिळतात. डिसेंबर-जानेवारीत हे सगळे उलटे होते, तेव्हा बेंटोटाच बरे.

आता सासूबाईंचे. कँडी ते अनुराधपूर जवळजवळ एकशे चाळीस किलोमीटर, घाटाचा रस्ता, एका बाजूने चार तास धरा. सकाळी निघालात तरी ऐन उन्हात पोचणार. तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. सत्तरीच्या बाईने त्या फरशीवर अनवाणी चालायचे आणि दोन तासांत परत गाडीत बसायचे? इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात संघमित्रेने गयेच्या बोधिवृक्षाची फांदी तिथे नेली. त्या झाडापाशी पहाटे किंवा दिवेलागणीला जाऊन निवांत बसावे. पांढऱ्या कपड्यांतली माणसे फुले घेऊन येतात, वंदना चालू असते. त्यासाठी मुक्काम गावातच हवा, दोन रात्री तरी. रुवनवेली स्तूप तिथून चालत जाण्यासारखा आहे. मिहिंताले बारा-तेरा किलोमीटरवर, पायऱ्या अठराशेच्या वर, पण गाडी वरच्या तळापर्यंत जाते, तेव्हा रिक्षावाल्याला तिथेच सोडायला सांगा. आणि गावातले तिसावेवा, नुवरवेवा हे जुन्या राजांनी बांधलेले तलाव जरूर पाहा. तोही कोरडवाहूच मुलूख, पण टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या माणसाला ते पाणी पाहून काय वाटेल ते मी सांगायला नको.

तिथली घरगुती गेस्ट हाऊसे आपल्याला सोयीची. घरमालकीणच सकाळचे खाणे करते. विचारून घ्यायचे ते एवढेच, की खोली तळमजल्यावर आहे का, मच्छरदाणी आहे का, नाश्ता भाड्यात धरला आहे का. भाज्यांतही सुक्या मासळीचा चुरा घालतात. कुणाला चालत नसेल तर आधी सांगावे. यात्रेकरूंसाठी विश्रामशाळाही आहेत, स्वस्त, पण जूनच्या पोसोन पौर्णिमेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. वैशाख पौर्णिमा गाठायची असेल तर खोली फार आधी धरा. त्या दिवसांत रस्तोरस्ती कंदील लागतात आणि दानसल म्हणून मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. बाबासाहेबही १९५० साली मे अखेरीसच जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते. एक गंमत सांगते. तिकडे ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली म्हणून पिशव्या घेऊन आत शिरू नका. आपल्या स्टँडसमोर जसे चहा-भज्याचे हॉटेल, तसेच ते असते.

कँडीला एक रात्र पुरे. दंतधातूच्या विहारात संध्याकाळची पूजा ढोलांच्या गजरात होते. पण गाव डोंगरावर आहे, स्वस्त खोल्या बऱ्याचदा चढावर असतात. सासूबाईंसाठी तळ्याकाठची पाहा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

कोलंबोची रात्र काढूनच टाका. विमानतळ शहरात नाही, तीसेक किलोमीटर उत्तरेला कटुनायकेला आहे. शेवटची रात्र जवळच्या नेगोम्बोला काढली की पहाटेचे विमान असले तरी धावपळ नाही.

म्हणजे अनुराधपूरला दोन, त्रिंकोमालीला दोन, कँडीला एक, नेगोम्बोला एक. रात्री सहाच. अनुराधपूर ते त्रिंकोमाली शंभराच्या थोडे पुढे, रस्ता सपाट. सहलवाल्यापुढे हा कागद ठेवा. तो म्हणेल ‘ग्रुपचे ठरलेले आहे’. मग तुमच्यासारखी आणखी तीन-चार कुटुंबे तालुक्यात शोधा, मिनी बसभर माणसे झाली की तोच मार्ग बदलतो. आणि त्याच्या कागदावर हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘किंवा तत्सम’ असे छापलेले आहे, ते दोन शब्द खोडून, त्याची सही घेऊनच पहिला हप्ता द्या.