तळ्यातही बियाणे राखावे लागते

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात, हा त्यामागील हेतू. निर्णय चांगलाच आहे. पण शेती म्हटली की शेतीचा नियमही आला. बियाणे खाऊन कोणाची शेती पिकली?

जऊळका परिसरातील लहान तलाव पावसावर भरतात आणि उन्हाळ्यात तळ गाठतात. संस्था कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतात. कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात चरतो, म्हणून तिघांचे एकत्र जमते. पण हे मासे मूळचे नदीचे. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. त्यांचे बीज दरसाल विकतच आणावे लागते. मरळ, शिंगी हे देशी मासे मात्र पावसाळ्यात तळ्यातच वितात. म्हणजे हे घरचे बियाणे! आणि आपण नेमके तेच संपवतो. आषाढात अंड्यावरची मासळी धरतो, बारीक जाळ्याने पिले ओढतो आणि मे महिन्यात मोटारी लावून शेवटचा डोह उपसतो.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजाने वेगळी वाट धरली. अभ्यासक मनीष राजनकर यांच्या साथीने त्यांनी तलावातील बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या आडोशाला मासा अंडी घालतो, पिले दडतात. तिथे देशी मासळी पुन्हा दिसू लागली.

आता आपले पाहा. हरभरा-गव्हाला पाणी हवे, ही शेतकऱ्याची गरज खोटी नाही. भांडण होते ते पाणी संपत आल्यावर. म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी रब्बीच्या पेरणीआधीच ग्रामसभा घ्यावी. या खुणेखाली मोटार चालणार नाही, असा दगड रोवावा. म्हणजे किती पेरायचे, हे शेतकऱ्यालाही आधीच कळेल. गाळ काढताना एक डोह खोल ठेवावा. पावसाळ्यात जाळे बंद, बारीक जाळे कायमचे बंद, हे संस्थेने पाळावे.

बोटुकली किती सोडली, याचा हिशेब कागदावर असतो. मे अखेर तळ्यात किती मासा जिवंत राहिला, हा खरा हिशेब. तो तुम्हालाच ठेवावा लागेल.