मोकळं करण्याची घाई

लहानपणी घरातल्याच माणसाचा अत्याचार सोसलेली बाई चाळिशीत पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा तिला दोन सल्ले हमखास मिळतात. घरचे म्हणतात, 'झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरून काढतेस?' शनिवार-रविवारच्या 'हीलिंग' शिबिराचे गुरू म्हणतात, 'सगळं बाहेर काढ, रड, मोकळी हो.' दोघांनाही घाई असते. घरच्यांना अब्रूची, गुरूंना रविवार संध्याकाळची.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ साली 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात उपचाराचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, शेवटी माणसांत परतणं. म्हणजे कहाणी येते ती दुसऱ्या टप्प्यावर. त्याआधी थेरपिस्ट जे विचारतो ते अगदी रोजचं असतं. झोप लागते का? दारू किंवा गोळ्या किती? जीव द्यावासा वाटतो का? तो माणूस अजून घरी येतो का, गणपतीच्या आरतीला शेजारी उभा राहतो का? यात महिने जाऊ शकतात. आठवण अंगावर धावून आली की पाय जमिनीवर टेकवायचे, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायची आणि आजच्या दिवसात परत यायचं, हे शिकवावं लागतं. किती सांगायचं, कुठे थांबायचं, हे सांगणाऱ्याने ठरवायचं. जिच्या देहावर दुसऱ्याची मर्जी चालली, तिला बोलतंही दुसऱ्याच्याच मर्जीने करायचं, हा कसला उपचार?

अपघात किंवा आपत्तीनंतर एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी बऱ्याच देशांत रूढ होती. तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की पुढचा आजार त्याने टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचारावर जी पुस्तिका काढली, तिच्यात कुणालाही बोलायची सक्ती करू नका असं बजावलं आहे.

याचा अर्थ गप्प बसवावं असा नव्हे. आठवणीला सामोरं जायला लावणारे उपचार गुणकारी ठरलेले आहेत. पहिला टप्पा उगाच लांबवू नये, असं म्हणणारे संशोधकही आहेत, आणि तो वाद खरा आहे. पण हॉलभर अनोळखी माणसांपुढे माईक हातात देऊन वडिलांना माफ करायला लावा, असं त्या वादातली कोणतीच बाजू म्हणत नाही.

घरच्यांची सुटकाही इथे होत नाही. आघात सोसलेल्यांना न्याय म्हणजे काय वाटतं, हे हर्मन यांनी २०२३ च्या 'ट्रूथ अँड रिपेअर'मध्ये त्यांनाच विचारून लिहिलं. सूडाच्या कितीतरी आधी त्यांना हवं होतं ते एवढंच, की आजूबाजूच्यांनी 'हे घडलं आणि ते चूक होतं' असं म्हणावं. हे म्हणायला पदवी लागत नाही.

उपचार करायला मात्र लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. 'हीलर' म्हणवून घ्यायला व्हिजिटिंग कार्ड पुरतं. तेव्हा फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक काय, आणि मी मध्येच थांबायचं म्हटलं तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नावर जो कपाळाला आठ्या घालेल, त्याच्याकडून सरळ उठून या.