आधी कोणती पायरी?

निवडणूक आली की उमेदवारांच्या पत्रकात शिक्षणाचा परिच्छेद हमखास असतो. अंगणवाड्या सुधारू, शाळांना नव्या खोल्या देऊ, तालुक्याला महाविद्यालय आणू, मुलींची फी माफ करू. वाचायला सगळे छान वाटते. पण बालवाडीपासून पदवीपर्यंत सगळेच प्राधान्याने करायचे म्हटले, की प्राधान्य कशालाच उरत नाही. पगाराच्या दिवशी वाण्याचे बिल, घरभाडे, दूध आणि मुलांची फी यांतले आधी काय, हे प्रत्येक गृहिणीला ठरवावेच लागते. कायदे करणाऱ्याचीही त्यातून सुटका नाही.

असा क्रम लावून दाखवणारा एक लोकप्रतिनिधी महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे विधेयक पडले, पण त्याने घातलेला हिशेब आजही ताडून पाहण्यासारखा आहे.

आठ रुपयांचे शिक्षण

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील 1879 मध्ये वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी धरली. त्यातले 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. उरलेल्या 7 रुपयांत घर चाले. गोपाळराव 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले, ते या पैशांवर. एकाच्या शिक्षणासाठी घरातल्या दुसऱ्याला पाटी ठेवावी लागते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, घरातच पाहिले होते.

पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी 1902 पर्यंत शिकवले. मुंबईच्या कायदे कौन्सिलातून ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. तिथे लॉर्ड कर्झन यांचा 1904 चा विद्यापीठ कायदा आला, तेव्हा विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट होईल म्हणून त्यांनी कडाडून विरोध केला. म्हणजे उच्च शिक्षणाची त्यांना आस्था नव्हती असे नाही. तरीही स्वतः विधेयक मांडायची वेळ आली, तेव्हा या प्राध्यापकाने पहिला मान दिला तो गावच्या प्राथमिक शाळेला.

ही मागणी नवी नव्हती. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारी तिजोरी कष्टकरी रयतेच्या पैशावर भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती. गोखल्यांनी त्याच दिशेने कायद्याचा मसुदा तयार केला.

मसुद्यातला हिशेब

18 मार्च 1910 रोजी त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. वर्षभराने, 16 मार्च 1911 रोजी, विधेयक आणले. त्या वर्षीच्या जनगणनेत देशातले साक्षर जेमतेम 6 टक्के होते. अशा देशात एका दमात सगळीकडे सक्ती होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी बेताबेताने जाणारी वाट काढली. जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तिथल्या नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने सरकारच्या संमतीने 6 ते 10 वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी. मुलींसाठी ती नंतर लागू करण्याची सोय ठेवली होती. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न 10 रुपयांपेक्षा जास्त नाही, त्याच्याकडून फी घ्यायची नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारने आणि एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा, त्यासाठी हवा तर शिक्षणकर बसवावा.

हे जमते, याचा दाखलाही त्यांच्या हाताशी होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि 1906 मध्ये तो संस्थानभर नेला होता.

विरोध अनेक बाजूंनी झाला. सरकारला खर्च परवडेना आणि घाई वाटे. शेतावरची पोरे शाळेत गेली तर कामाला कोण, ही जमीनदारांची धास्ती होती. 19 मार्च 1912 रोजी विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांना निकाल आधीच दिसत होता आणि त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. 19 फेब्रुवारी 1915 रोजी ते गेले. त्यानंतर 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेल यांचा कायदा मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. स्वतंत्र भारतात मात्र शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला 2002 ची घटनादुरुस्ती आणि 2009 चा कायदा उजाडावा लागला.

सहाच्या आतले मूल

गोखल्यांचा मसुदा सहाव्या वर्षापासून सुरू होत होता. 2009 चा कायदाही 6 ते 14 वर्षांच्याच मुलांना हक्क देतो. त्याआधीच्या वयासाठी सरकारने प्रयत्न करावा, एवढेच घटना सांगते. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये तीन वर्षांच्या मुलापासून शिक्षणाची सुरुवात धरली, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

या वयाचे मोल महाराष्ट्राला फार पूर्वी कळले होते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा आणि अनुताई वाघ यांचा मार्ग. पुढे कोसबाडला हे काम वाढले. 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी देशभर पोचली. तरीही अनेक घरांत अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा आणि खरे शिक्षण पहिलीपासून, असाच समज आहे.

वरच्या टोकाला मदत वाढते आहे, ही चांगलीच गोष्ट. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पण जी मुलगी तिसरीत वाचायला न शिकताच पुढे ढकलली गेली, तिच्यापर्यंत ही सवलत पोचणार कशी? अंगणवाडी, शाळा आणि महाविद्यालय ही तीन वेगळी सरकारी खाती असली, तरी त्या तिन्ही दारांतून जाणारे मूल एकच असते.

म्हणून मते मागायला आलेल्या उमेदवाराला घरातल्यांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. आधी काय करणार? पैसे कोण देणार? गरिबाला त्यातून सूट कशी मिळणार? गोखल्यांच्या पडलेल्या विधेयकात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लिहिलेली होती. निवडून येणाऱ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवणे काही जास्त नाही.