पायाळूची लाथ पुरे, आता कंबर कसा

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागून मार्गासनी मागे टाकली की विंझर येते. आषाढात या भागात, म्हणजे जुन्या वेल्हे आणि आताच्या राजगड तालुक्यात, भाताची लावणी चालू असते. खाचरात वाकलेल्या माणसांत बायाबापड्याच जास्त. सकाळी वाकलेली कंबर दुपारच्या भाकरीपुरती सरळ होते आणि पुन्हा दिवस मावळेपर्यंत वाकते. इथल्या इंद्रायणीचे पुण्यात कौतुक होते. तो तांदूळ ज्या कंबरेवर पिकतो, तिचा हिशेब मात्र कोणी धरत नाही. "वय झालं, दुखायचंच" एवढ्यावर विषय संपतो.

वाचकहो, हा विषय असा संपवण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत तिचा नंबर जगात पहिला लागतो. आणि ज्याचे पोट हातावर आहे, त्याची कंबर धरली म्हणजे घरातला रोजच बंद झाला.

आपल्याकडे उपाय काय होतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याची लाथ कंबरेला लावून घ्यायची. नाहीतर हाडवैद्याकडे जाऊन कंबर "ओढून" घ्यायची. "बरं वाटलं की!" असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. नव्याने भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपणहूनच ओसरते. त्याचे श्रेय लाथेला मिळते. खरा प्रश्न तीन महिने उलटूनही न हटणाऱ्या दुखण्याचा आहे. तिथे पायाळूही थकतो. मग सुरू होते पुण्याची वारी.

त्या वारीत हजारो रुपये जातात. एमआरआय निघतो आणि "मणक्यात झीज आहे, गादी सरकली आहे" असे ऐकून माणूस मनानेच अंथरुण धरतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही, अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र पाहून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांच्या गादीत झीज दिसली. म्हणजे झीज ही केस पिकण्यासारखी गोष्ट आहे. फोटोत ती दिसली म्हणून दुखणे तिचेच, असे होत नाही. शंभरातल्या नव्वद जणांच्या कंबरदुखीमागे एखादा ठराविक मोठा बिघाड सापडतच नाही.

मग इलाज काय? डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाला दुखणे समजावून सांगा, पद्धतशीर व्यायाम द्या, जाणकाराच्या हातचे मणक्याचे उपचार आणि मालिश यांचा उपयोग करा, असे त्यात सुचवले आहे. आणि गावोगाव ज्याच्यावर पैसा जातो, तो कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे, या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असेही सांगितले आहे.

हाताचा उपचार आणि व्यायाम यांचे नाते नांगरट आणि पेरणीसारखे आहे. हाताने ताठरलेले स्नायू सैल होतात, सांधे हलते होतात, दुखणे थोडे उतरते आणि हलायची भीती जाते. पण नुसती नांगरट करून कोणी पीक घेत नाही. त्या मोकळ्या झालेल्या कंबरेत व्यायामाने बळ भरावे लागते. ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. आधी हाताचे उपचार आणि मग व्यायाम, असा क्रम ठेवलेल्यांना तीन महिन्यांनी बऱ्यापैकी आणि वर्षाअखेरीस थोडा फायदा टिकलेला दिसला. ही जादू नव्हे. "एका झटक्यात बरा करतो" म्हणणाऱ्यापासून म्हणूनच चार हात लांब राहा.

कोणी म्हणेल, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण राबणे आणि व्यायाम यांत फरक आहे. लावणीत कंबर तासन् तास एकाच बाजूला वाकते. व्यायामात ती सगळ्या बाजूंनी, बेताने आणि रोज थोडी वाढवत हलते. पाठीवर झोपून गुडघे उभे करा, बूड उचला, पाच आकडे मोजा आणि खाली या. असे दहा वेळा. हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ मांजरासारखी वर उचला, मग खाली सोडा. पालथे पडून कोपरांवर छाती उचला. रोज अर्धा तास चाला. खाचरात दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबरेवर हात ठेवा आणि चार वेळा मागे वाका. अमुकच व्यायाम थोर असे नाही, रोज होईल तो चांगला. थोडे दुखले तर घाबरू नका. पण कळ पायात खाली उतरत चालली तर थांबा आणि जाणकाराला दाखवा.

काही लक्षणे असतील तर मात्र कंबरेला कोणाचाही हात लावून घेऊ नका. लघवी-संडासवरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणे, ताप, वजन घटणे, रात्रीही न थांबणारी कळ, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ असतात. तिथे लाथ किंवा हिसका म्हणजे जन्माचे अपंगत्व ठरू शकते. अशा वेळी गाठायचे ते थेट दवाखान्यालाच.

आता सरकारकडे वळू. फिजिओथेरपी महाराष्ट्राला नवी नाही. देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय १९५३ साली मुंबईत केईएम रुग्णालयातच सुरू झाले. या व्यवसायासाठी राज्याने स्वतंत्र परिषदेचा कायदा केला. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग आणि तालुक्याच्या पातळीवर पुनर्वसनाची सेवा धरलेली आहे. कागदावर हे सगळे आहे. पण केईएमपासून विंझरच्या बांधापर्यंतचे अंतर सत्तर वर्षांत किती कमी झाले, हे विचारायचा हक्क गावाला आहे.

मागणी साधी आहे. यंत्रसामग्री नको, मोठी इमारत नको. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, आठवडे बाजाराला धरून, फिजिओथेरपीचा पदवीधर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बसावा. त्याने हाताचा उपचार करावा, व्यायाम शिकवावेत आणि महिन्याने पुन्हा बोलावून पाहावे. तेच चार व्यायाम आशाताईंना शिकवले तर त्या बचत गटाच्या बैठकीत वीस बायकांना शिकवतील. लावणीच्या आधी, ज्येष्ठातच हे झाले तर उत्तम.

शेतीतही बदलाला जागा आहे. कर्जत तालुक्यात नेरळचे शेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा पद्धतीत चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात, गादीवाफ्यावर टोकणी होते. ज्याला जमेल त्याने एका खाचरात करून पाहावे.

आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना एक सांगणे. बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर बोलावता. घरची लक्ष्मी वर्षभर कंबर धरून चालते, तिला "तेल लाव" म्हणून मोकळे होऊ नका. येत्या ग्रामसभेत फिजिओथेरपीच्या दिवसाचा ठराव मांडा. मांडणारी ती स्वतःच असेल, तर अधिक चांगले.