हमी देणाऱ्याची ऐपत

आंबोलीला येणारा पाहुणा आधी धबधब्याची चौकशी करतो. पण गेल्या काही वर्षांत एखादा तरी जण चहा पिता पिता आवाज खाली करून विचारतो, “ते सांगलीचं प्रकरण इथलंच ना?” २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीच्या पोलिस कोठडीत एक तरुण मेला. लुटीच्या आरोपावरून त्याला धरले होते. तो पळून गेला, असे पोलिसांनी आधी सांगितले. मागाहून त्याच पोलिसांवर गुन्हा दाखल झाला, की मारहाणीत तो मेला आणि त्यांनी प्रेत आंबोलीत आणून जाळले.

लंडनहून बातम्या येतात तेव्हा मला हे आठवते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने शस्त्रास्त्र व्यवहारातले दलाल संजय भंडारी यांना भारताच्या हवाली करण्यास नकार दिला. तिहारमध्ये त्यांच्याकडून पैसे उकळण्यासाठी मारहाण होण्याचा खरा धोका आहे, असे न्यायालयाला वाटले. त्यापूर्वी २०२२ मध्ये नीरव मोदी यांचे अपील तिथेच फेटाळले गेले होते. त्यांनीही पुढे या निकालाचा आधार घेऊन प्रकरण पुन्हा उघडण्याची मागणी केली.

आम्ही बँकेत पंचवीस हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार मागत होतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेतून मात्र हजारो कोटींची हमीपत्रे मार्जिनशिवाय सुटली आणि बँकेच्या संगणकात त्यांची नोंदही नव्हती! अशा प्रकरणातल्या आरोपीने ‘माझा छळ होईल’ म्हणावे, याचा राग येतो. दोन फटके पडले तर बिघडले कुठे, असे माझ्याही मनात येऊन गेले.

पण करमजितसिंग चहल यांचे प्रकरण मुळातून पाहावे. १९७१ पासून ते इंग्लंडमध्ये राहत होते. राष्ट्रीय सुरक्षेला धोका म्हणून हद्दपारीसाठी १९९० मध्ये त्यांना तुरुंगात टाकले. भारतात छळ होईल म्हणून त्यांनी आश्रय मागितला, गृहखात्याने नाकारला. ते कोर्टात गेले. एकदा निर्णय रद्द झाला, खात्याने फेरविचार करून पुन्हा नकारच दिला, आणि दुसऱ्या खेपेस कोर्टाने हात वर केले. न्यायालयीन पुनर्विलोकन हे आमच्या बँकेतल्या तपासणीसारखे असते. कर्ज द्यावे की नाही, हे तपासनीस ठरवत नाही. मंजुरीचा अधिकार होता का, कागद पाहिले का, निर्णय अगदीच बेताल तर नाही ना, एवढेच तो बघतो. त्यातून सुरक्षेचे कागद तर कोर्टापुढे पुरते येतही नाहीत.

१५ नोव्हेंबर १९९६ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटले, की छळाच्या प्रश्नाला एवढी तपासणी पुरत नाही. माणूस कितीही धोकादायक ठरवलेला असो, छळाचा खरा धोका असेल तर त्याला पाठवता येणार नाही. चहल यांना सुरक्षित ठेवू, अशी हमी भारत सरकारने दिली होती. तिच्या प्रामाणिकपणावर न्यायालयाने संशय घेतला नाही. आपले पोलिस ती पाळतील का, याचीच त्याला खात्री वाटेना. बँकवाल्याला हे लगेच कळते. हमी देणारा सज्जन असून भागत नाही, त्याची ऐपत लागते.

ती ऐपत आपण कमावली का? छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. तो स्वीकारल्याची अंतिम मोहोर अजून उमटलेली नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केले, राज्यसभेने ते समितीकडे धाडले आणि पुढे ती लोकसभाच संपली. विधी आयोगाने नव्या कायद्याचा मसुदा सरकारला दिला तो ऑक्टोबर २०१७ मध्ये. म्हणजे आंबोलीत ते प्रेत जळले त्याच्या आदल्याच महिन्यात.

आर्थर रोड तुरुंगाची १२ नंबरची बराक कशी आहे, हे लंडनच्या कोर्टाला चित्रीकरण करून दाखवले गेले. इथे प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे बसवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. कोठडीतले मृत्यू आणि चालू नसलेले कॅमेरे यांची दखल त्याच न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून पुन्हा घ्यावी लागली.